विजेच्या वाटेवरील जकात

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग खानदेशांतून जात असे. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें हीं त्या मार्गावरील मुक्कामाचीं नांवें. सतराव्या शतकांत तावेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेनें गेला व त्यानें तीं आपल्या प्रवासवृत्तांत नोंदून ठेविलीं. त्या काळीं एका मुलुखांतून दुसऱ्या मुलुखांत माल न्यावयाचा म्हणजे नाक्यानाक्यावर जकात देणें आलें. निघतांना शंभर रुपयांस पडलेला माल पोंचेपर्यंत कितीस पडेल, हें केवळ अंतरावर नव्हे, तर वाटेंतील नाक्यांच्या संख्येवर आणि प्रत्येक नाक्याच्या दरावर अवलंबून असे. शहाणा व्यापारी प्रवासाची आंखणी करतांना कोसांबरोबर नाकेही मोजीत असे.

आज त्याच प्रदेशांतून दुसरा एक माल रात्रंदिवस वाहत आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं, गोण्यांत भरतां येत नाहीं, आणि एका क्षणांत शेंकडों कोस जातो. तो माल म्हणजे वीज. तिच्याही वाटेवर नाके आहेत. एका रूपाची वीज दुसऱ्या रूपांत पालटावयाची म्हटली कीं तिचा कांहीं अंश उष्णतेच्या रूपानें द्यावाच लागतो. ही जकात कोणी सरकार बसवीत नाहीं; सृष्टीचा नियमच ती वसूल करतो आणि त्याच्यापाशीं वशिला चालत नाहीं. मात्र युक्तीनें ती कमी करतां येते. ती कमी करण्याच्या प्रयत्नास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. त्या शंभर वर्षांची हकीकत, आणि तींत जळगांव जिल्ह्यांतील भुसावळ व धुळें जिल्ह्यांतील साक्री या दोन ठिकाणांचा संबंध, हा या भाषणाचा विषय आहे.

हें रूपांतर मुळांत कां करावें लागतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. विजेचा प्रवाह दोन जातींचा असतो. एक, नदीच्या पाण्याप्रमाणें सतत एकाच दिशेनें वाहणारा. त्यास एकदिश प्रवाह म्हणतात. दुसरा, भरती-ओहोटीप्रमाणें पुढें-मागें होणारा. तो प्रत्यावर्ती प्रवाह. घरोघरीं येणारी वीज या दुसऱ्या जातीची असून ती सेकंदास ५० आवर्तनें करते. बॅटरी व सौर पटल हीं एकदिश वीज देतात. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हें प्रत्यावर्ती विजेचाच दाब चढवूं किंवा उतरवूं शकतें. एकदिश विजेपुढें तें निरुपयोगी ठरतें. अशा रीतीनें प्रत्येक जातीचे कांहीं गुण आणि कांहीं अडचणी असल्यामुळें एकीचें दुसरींत रूपांतर करणें अटळ झालें. प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करणाऱ्या साधनास रेक्टिफायर म्हणतात. त्याच्या उलट काम करणाऱ्यास इन्व्हर्टर.

ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. लोहमार्ग जी. आय. पी. कंपनीचा होता व त्याच्या तारेंत १५०० व्होल्ट दाबाची एकदिश वीज खेळविली होती. योगायोग असा कीं, त्याच सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या डेव्हिड प्रिन्स या अभियंत्यानें ‘इन्व्हर्टर’ या मथळ्याचा लेख प्रसिद्ध केला. रेक्टिफायरकडून उलट्या दिशेनें काम करवून घेतां येईल, ही त्यांतील मुख्य कल्पना. मुंबईच्या त्या गाडीस या कल्पनेशीं तेव्हां कांहींच कर्तव्य नव्हतें. परंतु पुढें सत्तर वर्षांनीं भारतीय रेल्वेच्या इंजिनांच्या पोटांत या दोन गोष्टींची गांठ पडावयाची होती.

१९३० पर्यंत ही विजेची तार एका बाजूस पुण्यास आणि दुसऱ्या बाजूस इगतपुरीस पोंचली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका खडा. या घाटांतून मालगाड्या ओढण्यासाठीं १९२८ पासून स्विस धर्तीचीं, पुढें-मागें लांब नाकाडें असलेलीं इंजिनें आणण्यांत आलीं. त्यांच्या आकारावरून त्यांस मगरीचें नांव पडलें. या इंजिनांचा मोठा गुण असा कीं, उतारावर त्यांचे मोटर जनित्राचें काम करीत. गाडी घाट उतरूं लागली कीं तिच्या वजनापासून वीज निर्माण होई आणि ती तारेंत परत जाई. श्रोत्यांनीं हिशेब करून पाहावा. समजा, १००० टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खालीं आली. तर तिच्या उतरण्यांत सुमारें ८१७ युनिट ऊर्जा सांठलेली असते. घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा जातां ती सगळी हातीं लागत नाहीं, हें खरें. पण जी लागत नाहीं ती चाकें आणि ब्रेक यांस तापविण्यांत खर्ची पडते, हेंही तितकेंच खरें. तेव्हां जें कमावतां येईल तें सोडण्यांत शहाणपण नव्हतें.

परंतु ही तार इगतपुरीसच थांबली. तेथून पुढें नाशिक, मनमाड, चाळीसगांव, जळगांव आणि भुसावळ या मार्गावर जवळजवळ चाळीस वर्षें कोळसा व वाफ यांचेंच राज्य चाललें. भुसावळ हें तर वाफेच्या इंजिनांवरच वाढलेलें गांव. १८६७ सालीं तेथून निघालेला फांटा नागपुरास पोंचला, आणि तापीच्या कांठचें हें ठिकाण मध्य हिंदुस्थानांतील मोठें जंक्शन बनलें. मग वीज तेथवर कां गेली नाहीं? याचें एक मोठें कारण जकातींत आहे. तारेंतील तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर तूट चौपट होते. दाब १५०० व्होल्ट इतका कमी ठेविला म्हणजे तीच शक्ति पोंचविण्यास प्रवाह फार मोठा लागतो. मोठ्या प्रवाहास जाड तांब्याची तार व थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्र लागतें. आणि प्रत्येक उपकेंद्रांत प्रत्यावर्ती वीज एकदिश करण्याचें यंत्र लागतें. मुंबईच्या गर्दीस तो खर्च परवडला. खानदेशच्या लांबच लांब सपाटीस तो परवडण्याजोगा नव्हता.

हा पेंच १९५७ सालीं सुटला. फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्यानें भारतीय रेल्वेनें २५,००० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती वीज स्वीकारण्याचें ठरविलें. १५०० व्होल्टांच्या मानानें हा दाब सुमारें १६.७ पट. तेवढीच शक्ति न्यावयाची तर प्रवाह १६.७ पटींनीं कमी लागतो. आणि त्याच जाडीच्या तारेंत तूट या संख्येच्या वर्गानें, म्हणजे सुमारें २७८ पटींनीं, घटते. उपकेंद्रें दूर दूर ठेवितां आलीं, तार बारीक झाली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेचीं इंजिनें इगतपुरीहून भुसावळपर्यंत धांवूं लागलीं. इगतपुरीस दोन्ही पद्धतींची सीमा आली. मुंबईहून आलेल्या गाडीचें एकदिश विजेचें इंजिन तेथें सुटावयाचें व प्रत्यावर्ती विजेचें इंजिन जोडावयाचें, हा क्रम कित्येक वर्षें चालला. मुंबईकडील एकदिश वीज टप्प्याटप्प्यानें काढण्यांत आली. २०१६ सालीं हार्बर मार्गावरून ती निघाली आणि १९२५ च्या पद्धतीची मुंबईंतील कारकीर्द संपली.

या व्यवस्थेंत तारेंतील नाका सुटला खरा, पण एक नवा नाका इंजिनाच्या आंत उभा राहिला. मोटर अजून एकदिश विजेचेच होते. कारण कमीजास्त वेगानें व मोठ्या ओढीनें चालण्यास त्या काळीं त्यांच्याइतके सोयीचे मोटर नव्हते. म्हणून इंजिनानें स्वतःबरोबर रोहित्र आणि रेक्टिफायर बाळगणें प्राप्त झालें. १९५९ सालीं आलेल्या पहिल्या इंजिनांत पाऱ्याचे रेक्टिफायर होते. पाऱ्याची वाफ भरलेलीं तीं भांडीं हादऱ्यांनीं त्रास देत. पुढें त्यांच्या जागीं सिलिकॉनच्या चकत्या आल्या. त्यांत हलणारा भाग नाहीं व तूट अल्प. तथापि त्यांत एक उणीव होती. सिलिकॉनची साधी चकती हें एकाच बाजूस उघडणारें दार आहे. वीज तिच्यांतून आंत येते, पण बाहेर जात नाहीं. त्यामुळें उतारावर निर्माण होणारी वीज तारेंत परत देण्याचा मार्ग बंद झाला. अशा इंजिनांत ती विरोधकांच्या जाळ्यांतून उष्णता करून वाऱ्यावर सोडावी लागे, किंवा ब्रेकच्या ठोकळ्यांस झिजवून संपवावी लागे. घाटांतल्या मगरीनें १९२८ सालीं जें साधलें होतें, तें पुढच्या पिढीच्या अधिक सुधारलेल्या इंजिनास साधत नव्हतें! सुधारणेच्या इतिहासांत असे उलटे प्रसंग पुष्कळदां आढळतात. एक नाका चुकवावा तर दुसरीकडे पदरचें कांहींतरी गमवावें लागतें.

येथें प्रिन्सच्या कल्पनेचें पुनरागमन झालें. १९५७ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें थायरिस्टर नांवाची अर्धवाहक कळ तयार केली. ती हुकमानें उघडतां येई, पण हुकमानें बंद करतां येत नसे. पुढें हुकमानें बंदही होणारी जी. टी. ओ. नांवाची कळ निघाली. आणि त्यानंतर, १९८० च्या सुमारास, मद्रासेंत जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत बालिगा यांनीं त्याच कंपनींत आय. जी. बी. टी. नांवाची, अल्प शक्तीच्या इशाऱ्यानें चालणारी कळ पुढें आणली. या कळांनीं इन्व्हर्टरला खरें सामर्थ्य आलें. १९९० च्या दशकाच्या मध्यास ए. बी. बी. कंपनीचीं नवीं इंजिनें भारतांत आलीं आणि १९९८ सालीं चित्तरंजनच्या कारखान्यानें त्याच जातीचें ‘नवयुग’ नांवाचें पहिलें मालगाडीचें इंजिन बांधलें. या इंजिनांत तारेंतील प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश होते, आणि इन्व्हर्टर तिची पुन्हां प्रत्यावर्ती, पण त्रिकला वीज करतो. तिचा दाब आणि आवर्तनें गाडीच्या वेगाप्रमाणें बदलतां येतात. म्हणजे पूर्वीं एक नाका होता, तेथें आतां दोन झाले.

तरीही एकंदर जकात कमी झाली. ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. पण तिचें मर्म सरळ आहे. त्रिकला मोटरास कार्बनचे ब्रश नाहींत व घांसून जाणारा भाग नाहीं; तोच मोटर हलका व टिकाऊ असतो; आणि वीज दोन्ही दिशांनीं जाऊं शकत असल्यामुळें उतारावरची व थांबण्याच्या वेळची ऊर्जा पुन्हां तारेंत जाते. एका नाक्याचा दर पाहून वाट ठरवूं नये, सबंध प्रवासाचा हिशेब पाहावा, हा धडा जुन्या सार्थवाहास माहीत होता. अभियंत्यांनीं तो पुन्हां शिकून घेतला. भुसावळास आज विद्युत् इंजिनांची शेड आहे व त्यांच्या मोठ्या दुरुस्तीचा कारखानाही आहे. वाफेच्या युगांत बॉयलर ज्या गांवानें सांभाळले, त्याच गांवांत पुढें विजेचीं इंजिनें उलगडलीं व जोडलीं जाऊं लागलीं.

आतां या नाक्याच्या आंत डोकावून पाहूं. इन्व्हर्टर म्हणजे अतिशय त्वरेनें उघड-मीट करणाऱ्या कळांचा समूह. त्यांत तूट मुख्यत्वेंकरून दोन ठिकाणीं होते. पहिली, कळ चालू असतां तिच्यांतून प्रवाह जातो तेव्हांची. कळ कितीही चांगली असली तरी तिच्या दोन टोंकांमध्यें थोडा दाब शिल्लक राहतो; तो गुणिले प्रवाह इतकी शक्ति सतत उष्णता होते. हिला वहनाची तूट म्हणावें. दुसरी, उघड-मीट करण्याच्या क्षणाची. त्या अल्पशा क्षणांत कळेवर दाबही असतो आणि तिच्यांतून प्रवाहही वाहत असतो. त्यामुळें दर वेळीं थोडी ऊर्जा जळते. हिला उघड-मिटीची तूट म्हणावें. सेकंदास जितक्या वेळां कळ उघड-मीट करील, तितक्या पटीनें ही दुसरी तूट वाढते. मग उघड-मीट कमी कां करूं नये? कारण कमी केली तर निघणारी वीज ओबडधोबड होते. तिच्या लाटा गुळगुळीत राहत नाहींत. मोटर आणि रोहित्र तापतात, गुणगुणतात, आणि लाट घांसूनपुसून नीट करणारीं गाळणीं मोठीं व महाग होतात. एकीकडे वांचविलेली जकात दुसऱ्या नाक्यावर दामदुपटीनें भरावी लागते.

या पेंचावर जो उपाय निघाला तो समजण्यास जुन्या बारवेचें उदाहरण चांगलें. साध्या विहिरींत उतरावयाचें तर काठावरून एकदम उडी घ्यावी लागते; दणका बसतो. बारवेस पायऱ्या असतात. प्रत्येक पावलास थोडेंच उतरावें लागतें. साधा इन्व्हर्टर हा विहिरीसारखा असतो: त्याच्या निर्गमाचा दाब एकदम या टोंकापासून त्या टोंकास उडी मारतो. जपानांतील नाबाए, ताकाहाशी आणि आकागी या तिघांनीं १९८१ सालीं अशी रचना प्रसिद्ध केली कीं, तींत वर, मध्यें आणि खालीं अशा तीन पायऱ्या असतील. मधली पायरी मिळविण्यास त्यांनीं एकदिश विजेचा दाब दोन संधारित्रांत वांटला आणि दोन जादा डायोडांनीं तो मध्यबिंदु निर्गमास जोडला. पुढें अधिक पायऱ्यांच्या अनेक रचना निघाल्या. त्यांसच बहुस्तर इन्व्हर्टर म्हणतात.

पायऱ्यांचा लाभ दुहेरी आहे. तीन पायऱ्यांच्या रचनेंत प्रत्येक कळेवर पूर्ण दाब न येतां निम्माच येतो. त्यामुळें एका वेळच्या उघड-मिटीची तूट कमी होते. शिवाय निम्म्या दाबाची कळ अधिक पातळ व अधिक चपळ करतां येते, म्हणून ही घट निम्म्याहूनही अधिक होऊं शकते. निर्गमाची लाटही मूळचीच जिन्यासारखी, म्हणजे गुळगुळीत लाटेच्या अधिक जवळची असते; म्हणून गाळणीं लहान पुरतात. परंतु जकातीचा नियम येथेंही चुकत नाहीं. नाबाए प्रभृतींच्या रचनेंत प्रवाहास एकाऐवजीं दोन दोन कळांतून जावें लागतें, म्हणून वहनाची तूट वाढते. यावरून निष्कर्ष स्पष्ट निघतो: जेथें उघड-मीट मंद, तेथें साधी रचनाच फायद्याची, जेथें ती जलद, तेथें बहुस्तर रचना सरस. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी एक बिंदु असा असतो कीं, तेथें दोहोंची तूट सारखी. तो बिंदु शोधून त्याच्या कोणत्या बाजूस आपलें काम पडतें हें ठरविणें, हेंच या शास्त्रांतील व्यवहारचातुर्य. पायऱ्या अधिक म्हणून यंत्र चांगलें, असें म्हणणें हें नाके थोडे म्हणून वाट चांगली म्हणण्यासारखेंच अपुरें आहे. त्याशिवाय जितक्या कळा जास्त, तितकीं बिघाडाचीं ठिकाणें जास्त. आणि या रचनेंत आंतल्या व बाहेरच्या कळा सारख्या तापत नाहींत, त्यामुळें सर्वांत तापलेल्या कळेवरूनच साऱ्या यंत्राची मर्यादा ठरते.

जपाननें ही रचना आगगाड्यांत वापरली; १९९९ सालीं सुरू झालेल्या तेथील ७०० मालिकेच्या अतिवेगवान गाड्यांत तीन पायऱ्यांचीं रूपांतर-यंत्रें होतीं. याहून मोठी मजल २००३ सालीं जर्मनींत मारली गेली. मार्क्वार्ट आणि लेस्निकार यांनीं शेंकडों लहान घटक एकावर एक रचून पायऱ्यांचा उंच जिना करण्याची पद्धत मांडली. दूरवर वीज नेण्याच्या कामीं तिचें महत्त्व फार. महाराष्ट्रांत चंद्रपूर ते पडघें ही ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची व १५०० मेगावॅट शक्तीची एकदिश विजेची वाहिनी १९९९ पासून आहे, ती थायरिस्टरची. अशा केंद्राची जकात अल्प, शेंकडा पाऊण टक्क्याच्या आसपास. पण तें चालण्यास दोन्ही टोंकांस सशक्त प्रत्यावर्ती जाळें असावें लागतें. स्वतःच्या बळावर लाट घडविणारीं इन्व्हर्टरचीं केंद्रें प्रथम निघालीं तेव्हां त्यांची तूट शेंकडा तीनच्या घरांत होती. जिन्याच्या पद्धतीनें ती एकच्या आसपास आली. तामिळनाडूंतील पुगलूर ते केरळांतील त्रिशूर ही २००० मेगावॅटची वाहिनी याच पद्धतीची असून ती २०२१ सालीं सुरू झाली.

आतां भुसावळहून पश्चिमेस धुळें जिल्ह्यांत यावें. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मिती कंपनीचें १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र २०१३ सालीं सुरू झालें. त्यांत ७५ मेगावॅटचीं पटलें स्फटिकी सिलिकॉनचीं आणि ५० मेगावॅटचीं पातळ थराचीं. भांडवलास जर्मनीच्या के. एफ. डब्ल्यू. बँकेचें कर्ज मिळालें. सौर पटलांतून निघणारी वीज एकदिश. ती जाळ्यांत सोडावयाची तर तिला इन्व्हर्टरच्या नाक्यावरून जावेंच लागतें. दुसरी वाट नाहीं. म्हणून येथें जकातीचा प्रश्न नुसता शास्त्राचा राहत नाहीं.

समजा, एक मेगावॅटच्या दोन इन्व्हर्टरांपैकीं एकाची कार्यक्षमता शेंकडा ९७ व दुसऱ्याची ९८.५ आहे. ऐकणारास वाटेल, फरक तो काय, दीड टक्क्याचा! पण पहिल्यांत पूर्ण भाराच्या वेळीं ३० किलोवॅट उष्णता होते आणि दुसऱ्यांत १५ किलोवॅट. उष्णता निम्मी झाली, म्हणजे पंखे व थंडाव्याचें ओझें निम्में झालें आणि कळांचें आयुष्य वाढलें. पटलांकडून वर्षास १५ लक्ष युनिट येत असतील, तर दीड टक्का म्हणजे वर्षास २२,५०० युनिट; आणि केंद्राचें आयुष्य २५ वर्षें धरलें तर ५,६२,५०० युनिट. हें एका मेगावॅटचें झालें. १२५ मेगावॅटचा हिशेब त्याच्या सव्वाशेंपट. दुसरा हिशेब जमिनीचा. एका मेगावॅटच्या पटलांस साधारणपणें दोन हेक्टर जमीन लागते असें धरलें, तर १२५ मेगावॅटच्या केंद्रांत दर टक्क्याची तूट भरून काढण्यास अडीच हेक्टर जमीन अधिक गुंतवावी लागेल. जेथें कोणाचीं गुरें चरत होतीं, जेथें कोणी बाजरी पेरीत होता, अशी ती जमीन. यंत्रांतील तूट शेवटीं कोणाच्या तरी बांधाशीं येऊन उभी राहते.

आणखी एक गोष्ट खानदेशानें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता दिवसभर सारखी राहत नाहीं. ती भाराप्रमाणें बदलते. म्हणून विक्रेत्यांच्या पत्रकांत सरासरी छापतात. त्यांतील ‘युरोपीय’ सरासरी काढतांना पूर्ण भाराच्या कार्यक्षमतेस १०० पैकीं २० वजन देतात आणि अर्ध्या भाराच्या कार्यक्षमतेस ४८. कारण ती मध्य युरोपांतील ढगाळ हवा डोळ्यांपुढें ठेवून बसविलेली आहे. कॅलिफोर्नियांत निराळी सरासरी ठरविली गेली. तींत पाऊण भारास ५३ वजन आहे, कारण तेथें ऊन प्रखर. एकाच यंत्राचे दोन आंकडे निघतात ते असे. शिवाय वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. सिलिकॉनच्या कळेस आंतील उष्णतेची ठराविक मर्यादा असते. बाहेरचीच हवा ४५ अंश असली म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यास अवकाश कमी उरतो, आणि यंत्र स्वतःस वांचविण्यासाठीं आपली शक्ति आपणच घटवितें. ऊन भरपूर असलेल्या वेळींच हें घडतें! तेव्हां परदेशांतील सौम्य उन्हांत मोजलेला आंकडा खानदेशच्या उन्हास जसाच्या तसा लावूं नये. आपलें ऊन आपल्याच मापानें मोजलें पाहिजे.

पांझरेच्या खोऱ्यांत बंधाऱ्यांचें पाणी वांटण्याची फड पद्धत फार जुनी आहे. त्या पद्धतींत पाटकरी असतो. पाटाची फूट कोठें झाली, कोणत्या वळणावर पाणी जिरतें, शेवटच्या शेतास किती पोंचतें, यावर त्याची नजर असते. बंधारा भरला आहे एवढ्यावर तो समाधान मानीत नाहीं. कारण पाणी बंधाऱ्यांत किती होतें यावरून नव्हे, तर शेवटच्या वाफ्यांत किती आलें यावरून पीक ठरतें. केळीच्या बागाइतदारास पंपाची वीज वर्षानुवर्षें कधीं दिवसा तर कधीं अपरात्रीं मिळत आली आहे. रात्रीं बॅटरी हातांत घेऊन साप-विंचवाच्या भीतीनें बांधावर उभें राहण्याचा प्रसंग खानदेशांत नवा नाहीं. २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें शेतीस दिवसा सौर वीज देण्याची योजना हातीं घेतली ती याच अडचणीमुळें. आणि शेतांत बसविलेल्या सौर पंपांतही लहानसा इन्व्हर्टर असतोच. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत तो पंप केव्हां सुरू होतो आणि मळभ आलें असतां केव्हां बंद पडतो, यांत त्या इन्व्हर्टरच्या तुटीचाही वांटा असतो. ज्यानें कधीं कळ किंवा डायोड हे शब्दही ऐकले नसतील, त्याच्या रात्रीच्या झोपेशीं हें शास्त्र असें येऊन भिडतें.

१९२५ पासून आजपर्यंत विजेच्या वाटेवरील नाके पालटत गेले. तारेंतील नाका इंजिनांत गेला. इंजिनांतील एकाचे दोन झाले. एका उंच पायरीच्या अनेक ठेंगण्या पायऱ्या झाल्या. जकात मात्र शून्य झाली नाहीं व कधीं होणारही नाहीं. परंतु प्रत्येक पिढीनें ती थोडी थोडी उतरविली, आणि ती उतरवितांना एका नाक्याकडे न पाहतां सबंध वाटेचा हिशेब ज्यांनीं केला, त्यांचेंच गणित शेवटीं बरोबर आलें. चोपड्याच्या मुक्कामीं दिव्यापाशीं बसून दुसऱ्या दिवसाच्या वाटेचा हिशेब करणारा जुना व्यापारी आणि इन्व्हर्टरच्या कळांची तूट मोजणारा आजचा अभियंता, या दोघांचा धंदा निराळा असला तरी वही एकच आहे: माल किती निघाला, आणि शेवटीं किती पोंचला.